वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी: स्वस्तात घ्यावी का, आणि घरी कशी आणावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७० च्या आसपासची एक सेडान कित्येक वर्षं शेडखाली उभी आहे, मालक ती अगदी किरकोळ किमतीला द्यायला तयार आहे आणि 'उभी केली तेव्हा चालू होती' असं त्याचं म्हणणं आहे. घ्यावी का? घेतलीच तर मित्राच्या गाडीला दोर बांधून ओढत आणावी, की तिथेच नवी बॅटरी टाकून चालवत आणावी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाला धोका आहे. यातलं काहीच करू नका. ती गाडी ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) चढवूनच आणा आणि त्याचं भाडं गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करा. भाडं धरल्यावर हिशेब जमत नसेल तर ती गाडी तुम्हाला परवडणारी नाही असं समजा. पुढे जो खर्च येणार आहे त्यापुढे हे भाडं किरकोळच असतं.

आता 'उभी केली तेव्हा चालू होती' याबद्दल. मालक सहसा खोटं बोलत नसतो. पण त्या वाक्यावरून गाडीची आजची अवस्था कळत नाही. चालून चालून झिजलेली गाडी वेगळी आणि उभी राहून खराब झालेली गाडी वेगळी. चालत्या गाडीत बेअरिंग, पिस्टनच्या रिंगा, गिअर झिजतात. उभ्या गाडीत रबर कडक होतं, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राप होऊन कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, ब्रेक लायनर ड्रमला चिकटतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते पाणी ओढून घेतं आणि टाकी आतून गंजते. हे सगळं गाडी जागची न हलता होतं. म्हणून मालकाला विचारायचा प्रश्न असा, की गाडी उभी का केली? 'ब्रेक धरत नव्हते', 'गरम व्हायची', 'वडील गेले आणि मग कुणी चालवलीच नाही' या तीन उत्तरांतून तीन वेगळ्या गाड्या समोर येतात. तिसरं उत्तर देणाऱ्याची गाडी मी आधी बघायला जाईन.

त्यानंतर गाडी कशावर उभी आहे ते बघा. कोरड्या काँक्रीटवर, चारी बाजूंनी वारा खेळता असलेल्या शेडमध्ये उभी असेल तर आशा आहे. मातीवर किंवा गवतावर उभी असेल तर जमिनीतली ओल वर्षानुवर्षं खालून पत्र्याला लागत आलेली असते. आणि ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेली गाडी बघून हुरळून जाऊ नका. आतली दमट हवा बाहेर पडत नाही, त्यामुळे उघड्यावरच्या गाडीपेक्षा ती जास्त सडलेली निघू शकते.

खरी मेख आहे ती पत्र्यात. बहुतेक माणसं बॉनेट उघडून इंजिनाकडे बघत राहतात. इंजिन हा या व्यवहारातला सगळ्यात सोपा भाग. ते उतरवता येतं, टेबलावर खोलता येतं, दुसरं मिळतं. पण पत्रा सडलेला असेल तर सगळी गाडी सोलून काढावी लागते आणि नवा पत्रा कापून, वाकवून, जोडत बसावं लागतं. त्या कामाचे तास मोजता मोजता चांगले चांगले हात टेकतात.

तुमची गाडी ज्या काळातली आहे त्या काळापर्यंत बऱ्याच गाड्यांना वेगळी चॅसी राहिलेली नव्हती, बॉडी हाच सांगाडा. १९५९ ची मिनी घ्या किंवा १९६२ ची एमजीबी ही स्पोर्ट्स कार घ्या, दोन्हींत दाराखालच्या लांब पोकळ पेट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्या गाडीचं वजन पेलतात. त्या सडल्या की गाडी मधोमध वाकायला लागते. टप उघडणाऱ्या एमजीबीत तर वरून आधारच नसतो, सगळा भार या सिलवरच. मिनीचा नेहमीचा रोग म्हणजे मागची सबफ्रेम, जिच्यावर मागची चाकं बसतात ती. फोक्सवॅगन बीटलमध्ये बॉडी खालच्या तळपत्र्यावर बोल्टनं बसवलेली असते, त्यामुळे वरून देखणी दिसणारी बीटल तळातून साफ गेलेली असू शकते. मागच्या सीटखाली, बॅटरी असते तिथे हात घालून बघा, बीटलचा पत्रा सडतो तो तिथेच.

तपासायला साधं लोहचुंबक आणि टॉर्च पुरतो. चुंबक छोटं आणि कमजोर घ्या, जोरदार चुंबक लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायचा लेप) भरलेल्या जागेवरही आतल्या पत्र्याला धरतं आणि फसवतं. एका गाडीचा रंग इतका ताजा होता की बघायला आलेले सगळे तिच्यावर खूश होते. दारं, बॉनेट, छत, सगळीकडे चुंबक टक्कन बसत होतं. दाराखालच्या सिलवर मात्र ते घसरून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. दार उघडून आतली चटई उचलली तर तळाला वितभर भोक, त्यात कोंबलेली जाळी, वर लांबी आणि वर रंग. मागचा जॅक लावायची जागा बोटानं दाबल्यावर कुरकुरली. मालकालाही हे माहीत नसावं, त्याच्या आधीच्या कुणीतरी केलेलं काम होतं ते. चुंबक न चिकटण्याला ॲल्युमिनियम हेही एक कारण असतं, काही गाड्यांची बॉनेट आणि दारं ॲल्युमिनियमची असतात. ते आधी माहीत करून घ्या.

जॅकची परीक्षा मला फार विश्वासाची वाटते. मालकाची परवानगी घेऊन दार आणि बॉडी यांच्यामधली फट नीट बघून ठेवा. मग त्या बाजूनं गाडी थोडी उचला आणि दार उघडझाप करून बघा. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर सांगाड्यात दम नाही. जॅक लावायच्या जागीच पत्रा आत दबायला लागला तर ताबडतोब थांबा, त्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. मग क्रमानं बघा: डिकीत स्टेपनीची खळगी, पुढच्या काचेच्या खालचा कोपरा, बॅटरीचा ट्रे, दारांच्या खालच्या कडा, आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलं आहे त्या जागा. या शेवटच्या जागा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाच्या. मडगार्ड गंजलं तर गाडी वाईट दिसते, सस्पेन्शनची जागा गंजली तर चाक निखळतं.

इंजिनाबद्दल एवढंच बघा की ते हातानं फिरतं का. प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं पातळ तेल सोडा, थोडा वेळ जाऊ द्या, मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हळूच फिरवा. फिरलं तर उत्तम. फिरलं नाही तर जोर लावू नका, रिंगा गंजून चिकटल्या असतील तर त्या जोरानं तुटतात. ते तसंच राहू द्या आणि 'जाम इंजिन' धरून किंमत बोला. डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसला तर पाणी तेलात गेलेलं आहे. थंड प्रदेशात गाडी नुसत्या पाण्यावर उभी ठेवली असेल तर ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतींवर बारीक चीर शोधा, पाणी गोठून फुगतं आणि ओतीव लोखंड फुटतं. आणि मालक उत्साहानं 'थांबा, बॅटरी लावून दाखवतो' म्हणाला तर त्याला नम्रपणे थांबवा. कोरड्या सिलिंडरात गंजलेल्या रिंगा फिरवल्या की जे वाचलेलं असतं तेही खरवडलं जातं. शिवाय १९६० च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असायचा, आणि बीटल १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सहा व्होल्टची होती. हे न बघता आजची बॅटरी जोडली तर वायरिंग जळू शकतं.

त्याहून जास्त वेळ द्या तो काय काय गायब आहे याची यादी करायला. जुन्या लोकप्रिय गाड्यांचे पिस्टन, गॅस्केट, ब्रेकचे रबर नवे मिळतात, ते कुणी ना कुणी बनवत असतं. पण क्रोमची पट्टी, मागच्या दिव्याची काच, मीटर, दाराचं हँडल, गोलाई असलेली पुढची काच, याच वस्तूंसाठी माणसं वर्षानुवर्षं थांबतात. अर्धवट खोलून सुटे भाग खोक्यांत भरलेली गाडी मी तरी टाळतो. ज्यानं खोलली त्याच्याच डोक्यात कुठला बोल्ट कुठला ते असतं, आणि खोकं नेहमी एक कमीच असतं. माझ्या लेखी मेलेलं इंजिन आणि शाबूत, पूर्ण गाडी हा सौदा, चालू इंजिन आणि सडलेल्या पत्र्यापेक्षा केव्हाही चांगला.

कागदपत्रांचं आटोपशीर सांगतो. चॅसीवर कोरलेला क्रमांक, प्लेटवरचा क्रमांक आणि नोंदणीच्या कागदावरचा क्रमांक तिन्ही जुळले पाहिजेत आणि विकणारा माणूसच कागदावरचा मालक असला पाहिजे. मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या पैसे देण्याआधी घ्या. कागद नंतर देतो म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच.

आता दोरानं ओढण्याबद्दल. माझा विरोध का, ते नीट समजून घ्या. ओढल्या जाणाऱ्या गाडीत एक माणूस बसतो आणि त्याच्या हातात फक्त ब्रेक आणि स्टेअरिंग असतं. उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक हेच सगळ्यात आधी गेलेलं असतं. पायाला कडक लागणारा पेडल विश्वासाचा नसतो, पहिल्या जोरदार दाबाला ब्रेक ऑइलचा जुना होज, म्हणजे रबरी नळी, फुटू शकतो. ब्रेकला सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, असेल तर इंजिन बंद असल्यावर दोन-तीन दाबांत त्याची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. तिच्यात स्टेअरिंग लॉक असेल तर चावी चुकून मागे फिरली की स्टेअरिंग अडकतं. दोर सैल पडून पुन्हा ताणला जातो तेव्हा जो हिसका बसतो तो ज्या हुकावर येतो तो हुक त्याच सडलेल्या पत्र्याला जोडलेला असतो. तो हुक उपटून दोरासकट ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या काचेतून आत आला तर काय होईल याचा विचार करा. आणि टायर? बाजूच्या भिंतीवर टायर कधी बनला त्याची खूण असते, तिच्या शेवटी चार आकडे असतील तर पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २००० सालाआधीच्या टायरवर तीनच आकडे असतात. तीन आकडे दिसले तर खाचा कितीही खोल असोत, त्या टायरवर रस्त्यावर जाऊ नका.

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर आणखी एक कारण. त्यातला वंगणाचा पंप बहुधा इंजिन फिरवतं. इंजिन बंद ठेवून चाकं रस्त्यावर फिरली की आतले भाग कोरडे घासतात. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर ठेवणाऱ्या दोनचाकी डॉलीवर मागच्या चाकांनी चालणारी ऑटोमॅटिक आणायची तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) काढूनच आणावी लागते. चारही चाकांनी चालणारी गाडी असेल तर चारही चाकं वरच हवीत.

म्हणून ट्रेलर. आधी वजनाचा हिशेब. बीटल साधारण आठशे किलो, एमजीबी साडेनऊशेच्या आसपास, १९७० च्या दशकातली मोठी मर्सिडीज सेडान चौदाशेच्या पुढे. त्यात रिकाम्या ट्रेलरचं वजन मिळवा, ते पाचशे ते सातशे किलोच्या घरात असतं. ही बेरीज तुमच्या ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत बसली पाहिजे. बसत नसेल तर फ्लॅटबेडवाल्याला बोलावा. ट्रेलरबद्दलचे परवान्याचे आणि वेगाचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते निघण्याआधी बघा.

आणायला जाताना बरोबर काय न्यायचं यावर अर्धा दिवस वाचतो किंवा वाया जातो. त्या गाडीला बसणारी, हवा भरलेली चार चाकं कुठून उसनी मिळाली तर यासारखी सोय नाही. मात्र बोल्टांची मांडणी आधी जुळवा, बीटलच्याच जुन्या चाकांना पाच बोल्ट आहेत आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या चाकांना चार. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असायचे, ते न कळून जोर लावत बसलात तर स्टड (नट ज्यावर बसतो तो खुंट) तुटतो. जॅक, जाड फळ्या, गंज सोडवणारं तेल, हवेचा पंप, लाकडी ठोकळे, हातमोजे आणि मास्क घ्या. मास्क विसरू नका. आत उंदरांनी घरं केलेली असतात, आणि त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ड्रम उघडून फुंकर मारणं म्हणजे ते छातीत घेणं. बॉनेट उघडताना आणि सीटखाली हात घालताना आधी काठीनं हलवून बघा, गांधीलमाश्या आणि साप दोन्ही अशा जागा पसंत करतात.

एखादं चाक फिरत नसेल तर हँडब्रेकची तार चाकाशी सैल करा आणि ड्रमच्या कडेला हातोडीनं गोल फिरत ठोका, बहुतेक वेळा लायनर सुटतं. तरीही धरून असेल तर त्या चाकाचा ब्लीड निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, उघडून बघा. जुना होज आतून फुगून बंद होतो, दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि चाक दाबलेलंच राहतं. निपल उघडल्यावर थोडं काळं तेल उडतं आणि चाक मोकळं होतं. काहीच जमलं नाही तर चाकाखाली स्केट (छोट्या चाकांची पाटी) किंवा ग्रीस लावलेली लोखंडी पट्टी घालून ओढा.

चढवताना विंच (तार गुंडाळत ओढणारं यंत्र) वापरा आणि ताणलेल्या तारेच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. तारेवर मधोमध जाड गोधडी टाकून ठेवा, तार तुटलीच तर तिचा फटका मंदावतो. गाडीत बसून ब्रेक सांभाळतो म्हणणाऱ्या उत्साही मित्राला खाली उतरवा, ब्रेक नाहीतच. त्याऐवजी चाकामागे ठोकळा सरकवत येणारा माणूस हवा. सित्रोएन डीएससारखी गाडी असेल तर वेगळीच पंचाईत. १९५५ ते १९७५ या काळातली ही गाडी तेलाच्या दाबावर उभी राहते, दाब गेला की पोटावर बसते, आणि तिचे ब्रेकही त्याच दाबावर. तिला आधी जॅकनं उचलून खाली फळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर रॅम्पवर नाक अडकतं.

गाडी ट्रेलरवर नेमकी कुठे थांबवायची हे फार महत्त्वाचं. ओझ्याचा थोडा भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर यायला हवा, नेमका किती ते ट्रेलरच्या आणि गाडीच्या पुस्तकात असतं. वजन मागे गेलं की ठरावीक वेगानंतर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग ओढणारी गाडीच तो हलवू लागतो. पुढे इंजिन असलेली गाडी नाक पुढे करून चढवा. बीटलसारखी मागे इंजिन असलेली असेल तर बऱ्याचदा उलटी चढवणं बरं पडतं. डुलायला लागलंच तर जोरात ब्रेक मारू नका, स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा आणि वेग आपोआप उतरू द्या. मग थांबून गाडी पुढे-मागे सरकवा.

बांधायला रॅचेटचे, म्हणजे खटक्यानं ताणून घट्ट करायचे, चार पट्टे, चारही चाकांना किंवा ॲक्सलना, पुढे दोन, मागे दोन. बंपर, सायलेन्सर, स्टेअरिंगचे रॉड, ब्रेकच्या नळ्या यांच्यातून पट्टा घालू नका. प्रत्येक पट्ट्यावर त्याची वजनमर्यादा शिवलेली असते, ती वाचा, आणि धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर मध्ये जाड रबर घाला. गाडी गिअरमध्ये, चाकांना ठोकळे. बॉनेट आणि डिकी वेगळ्या पट्ट्यानं बांधा, गंजलेली कडी वाऱ्यानं सुटते. सुटी कव्हरं, चाकांच्या वाट्या काढून आत ठेवा. थोडं अंतर गेल्यावर थांबा आणि सगळे पट्टे पुन्हा ताणा. पहिल्या धक्क्यांत टायर आणि स्प्रिंग बसतात आणि घट्ट वाटलेला पट्टा हाताला सैल लागतो. पुढेही प्रत्येक थांब्यावर हात लावून बघत जा.

आणि घरी आणल्यावर लगेच सुरू करण्याबद्दल. मोह होतो, मला कळतं. आधी टाकी रिकामी करा, बॅटरी असेल तर काढून टाका, प्लग काढून सिलिंडरांत पुन्हा तेल सोडा आणि काही दिवस तसंच राहू द्या. त्या दिवसांत ब्रेक उघडा: सिलिंडर, होज, ऑइल सगळं नवं. इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे मोकळं फिरलं, इंजिन ऑइल बदललं, फिल्टर बदलला, पेट्रोल वेगळ्या स्वच्छ डब्यातून दिलं, शेजारी आग विझवायचं सिलिंडर ठेवलं, की मग स्टार्टर मारा. ब्रेक तोवर झालेले नसतील तर इंजिन चालू झालं तरी गाडी गिअरमध्ये टाकू नका.